सर्वपित्रीच्या अंधारात हानले : आकाशातल्या लहरींमागे सहा दिवस

२०२४ च्या सप्टेंबरअखेर मी आणि माझा धाकटा भाऊ लडाखला गेलो, ते मुख्यतः एक चांगली काळोखी रात्र शोधायला. सर्वपित्री अमावास्या त्या वर्षी २ ऑक्टोबरला होती आणि तिच्या आगेमागे तीन रात्री लडाखमधल्या हानले या गावात काढायच्या, एवढाच आमचा बेत होता. भावाला तिथले आकाश कॅमेऱ्यात घ्यायचे होते आणि मला एक जुनी शंका फेडून घ्यायची होती. चंद्र नाही, शहर नाही, ढग नाही, तरीही आकाश ठार काळे का नसते? आणि त्या उरलेल्या उजेडात ओल्या वाळूवर उमटतात तशा लाटा असतात असे जे अभ्यासक सांगतात, त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात का?

पहिला आणि दुसरा दिवस : लेह

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. उतरल्यावर दोन दिवस सावकाश चालणे, भरपूर पाणी पिणे आणि काहीही न करणे हाच तिथला पहिला कार्यक्रम असतो, आणि तो आम्ही निष्ठेने पार पाडला. या सक्तीच्या विश्रांतीत सहलीतली पहिली लहर भर दुपारी दिसेल, असे मात्र वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर बसले होते. समोर सिंधूच्या पलीकडे स्टोकची रांग होती आणि तिच्या माथ्यावर एकच ढग होता, मोठ्या भाकरीसारखा, कडा हाताने थापून गुळगुळीत केल्यासारखा. गच्चीवरच्या पताका वाऱ्याने फडफडत होत्या, पण तो ढग तासभर जागचा हलला नाही. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा कळले की तो स्थिर असल्याचा नुसता भास होता. वाऱ्याकडच्या त्याच्या कडेला पांढरे धागे सारखे नव्याने तयार होत होते आणि पलीकडच्या कडेला तितक्याच वेगाने विरत होते. ढग थांबला होता, हवा त्याच्यातून वाहत होती.

हा भिंगाकृती ढग म्हणजे हवेतील लहरीचा माथा. डोंगरावरून वाहताना हवा वर ढकलली जाते, वर गेली की थंड होते, आजूबाजूच्या हवेपेक्षा जड होते आणि गुरुत्वाकर्षणाने खाली येते; वेगात असल्यामुळे आपल्या मूळ पातळीच्याही खाली जाते, तिथे ती भोवतालच्या हवेपेक्षा हलकी ठरते आणि पुन्हा वर उचलली जाते. असा हेलकावा वातावरणाच्या खालच्या थरात साधारण दहा मिनिटांचा आणि वर गेल्यावर पाच-सहा मिनिटांचा असतो. याहून जलद हेलकावा हवेला घेता येत नाही, सावकाश मात्र घेता येतो. वर जाताना बाष्पाचे थेंब होऊन ढग दिसतो आणि खाली येताना विरतो, म्हणून लहरीचा फक्त माथा दिसतो. नदीत दगडावरून वाहणाऱ्या पाण्याचा जो फुगवटा एकाच जागी राहतो, त्याचाच हा मोठा भाऊ.

या लहरींना इंग्रजीत दिलेल्या नावामुळे मराठीत मोठा घोळ होतो. त्यांना गुरुत्व-लहरी म्हणावे, तर ऐकणाऱ्याला २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने प्रथम टिपलेल्या, कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आठवतात. त्यांचा आणि यांचा काहीही संबंध नाही. त्या अवकाश-काळाच्या आहेत, या साध्या हवेच्या आहेत. हवेला तिच्या पातळीवर परत ओढणारे बल गुरुत्वाचे, म्हणून हे नाव पडले. मी तरी यापुढे त्यांना हवेच्या लहरी एवढेच म्हणेन.

खरी गंमत त्या लहरी वर जाताना होते. जमिनीपासून ९० किलोमीटरपर्यंत हवेची घनता लाखो पटींनी कमी होते. लहरीने नेलेली ऊर्जा वाटेत खर्ची पडली नाही, तर तेवढीच ऊर्जा विरळ होत जाणाऱ्या हवेत मावायला हेलकावा मोठा व्हावा लागतो, आणि खाली काही सेंटिमीटरचा असलेला हेलकावा वर शेकडो पटींनी वाढतो. चाबकाची मूठ किंचित हलते आणि टोक सणकन फिरते, तसेच काहीसे हे आहे. १९६० मध्ये कॉलिन हाइन्स या शास्त्रज्ञाने वरच्या वातावरणातल्या विस्कळीत वाटणाऱ्या वाऱ्यांचा अर्थ या लहरींच्या आधारे लावला. त्याआधी ते वारे बहुतेकांना नुसता गोंधळ वाटत असत.

“ताई, म्हणजे हाच ढग आपल्याला रात्री वर दिसणार?” भावाने विचारले. मी उत्साहाने हो म्हणाले. ते उत्तर चूक होते, पण ते दोन रात्रींनंतर कळले.

जाणाऱ्यांसाठी : लेहमध्ये दोनऐवजी तीन रात्री काढाव्यात. हानले आणखी आठशे मीटर उंच आहे आणि आम्ही वाचवलेला दिवस तिथल्या पहिल्या रात्रीच्या डोकेदुखीत गेला. बाहेरून येणाऱ्यांची प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत. परवानगी आणि शुल्काचे नियम बदलत राहतात, म्हणून ते निघण्यापूर्वी लेहमध्येच विचारून घ्यावेत.

तिसरा दिवस : लेह ते हानले

उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा आणि हानले असा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्याचा बराच भाग सिंधूच्या काठाने जातो. चुमाथांगला रस्त्याच्या कडेलाच गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे वाफेत हात शेकत चहा घेतला आणि पुढे निघालो. लोमाचा पूल ओलांडल्यावर डोंगर मागे सरकतात, दरी रुंद होते आणि आकाश एकदम मोठे झाल्यासारखे वाटते.

आमचा चालक लेहचाच होता. उन्हे कलली तेव्हा त्याने गाडी थांबवली, दिव्यांचा झोत खाली केला आणि म्हणाला, “मॅडम, इथून पुढे रात्री मोठा झोत चालत नाही.” डिसेंबर २०२२ मध्ये हानलेच्या भोवतालचा सुमारे हजार चौरस किलोमीटरचा टापू राखीव काळोखी आकाशाचे क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. त्यानंतर गावातल्या बाहेरच्या दिव्यांना टोप्या आल्या, खिडक्यांना जाड पडदे आले, आणि गावातल्याच तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखवण्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांनाच खगोलदूत म्हणतात.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्या घरातल्या आमा-लेंनी, म्हणजे आजींनी, आल्याआल्या मीठ-लोण्याचा चहा दिला आणि माझा चेहरा पाहून थुकपाचा, म्हणजे शेवयांच्या सूपचा, वाडगा अर्धाच भरला. त्यांचा अंदाज अचूक होता. डोके ठणकत होते आणि त्यात रात्री आठच्या सुमारास ढग आले.

तरीही आठवण राहावी अशी गोष्ट त्याच रात्री घडली. शेजारच्या घरातली खगोलदूत मुलगी आपली दुर्बीण झाकून ठेवत होती. विशीतली असेल. मी आकाशातल्या एका करड्या, पसरट उजेडाकडे बोट दाखवून म्हणाले, “तो बघ, तिकडे केवढा ढग आहे.” ती हसली आणि हिंदीत म्हणाली, “उलट आहे मॅडम. इथे काळे दिसते तो ढग आणि उजळ दिसते ते आकाश.”

मी पुन्हा पाहिले आणि माझे आयुष्यभराचे गणित उलटे झाले. शहराजवळ ढग खालच्या दिव्यांनी उजळतात, म्हणून ढग पांढुरके आणि आकाश काळे, ही आपली सवय. इथे खालून प्रकाश नाहीच. त्यामुळे ढग म्हणजे शाईचे डाग, आणि त्यांच्यामागे आकाशच मंद उजळलेले. तो उजेड ताऱ्यांच्या मधल्या जागेतही होता. माझ्या पहिल्या शंकेचे उत्तर ढगांनीच दिले होते, आणि तेही रात्र वाया गेली असे आम्ही ठरवल्यावर. भावाने सवयीने कॅमेरा लावला होता. दीडएकशे छायाचित्रे घेऊन तोही झोपायला आला.

चौथा दिवस : सरस्वतीचा डोंगर आणि चौकोनातून गेलेली लाट

सकाळी डोके शांत झाले. खंबीर ही लडाखी रोटी आणि जर्दाळूचा मुरांबा खाऊन आम्ही वेधशाळेच्या डोंगरावर गेलो. स्थानिक नाव दिग्पा-रत्सा री, अलीकडचे नाव माउंट सरस्वती, उंची सुमारे ४,५०० मीटर. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण (हे नाव शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्यावरून) येथे २००० सालापासून आहे आणि ती उपग्रहाच्या दुव्यावरून बंगळूरजवळच्या होसकोटे येथून चालवली जाते. खाली दरीत गॅमा किरणांसाठी उभारलेली २१ मीटर व्यासाची ‘मेस’ ही दुर्बीण आहे, आरशांच्या भल्यामोठ्या फुलासारखी. माझे लक्ष मात्र एका लहान उपकरणाकडे होते. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी हानलेत एक ऑल-स्काय इमेजर बसवला आहे. माशाच्या डोळ्यासारखे भिंग वर करून तो ठरावीक रंगांच्या फिल्टरमधून अख्खे आकाश रात्रभर टिपतो. ज्याच्यामागे आम्ही आलो होतो, तेच त्याचे काम.

आता त्या उजेडाबद्दल. त्याला एअरग्लो म्हणतात, मराठीत वायुदीप्ती. १८६८ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अँगस्ट्रॉम यांना रात्रीच्या आकाशाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली. ती ध्रुवीय प्रकाशातही असे, पण ध्रुवीय प्रकाश नसलेल्या रात्रीही ती होतीच. ती ऑक्सिजनच्या अणूची आहे, हे १९२५ मध्ये मॅकलेनन आणि श्रम या संशोधकांनी दाखवले. तिची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर.

हा उजेड म्हणजे दिवसाचे उरलेले ऊन आहे, असे मी भावाला सांगितले आणि ते बरेचसे खरे आहे. दिवसा सूर्याची अतिनील किरणे ऑक्सिजनचे रेणू फोडतात. सुटे झालेले अणू खाली दाट हवेत असते तर लगेच जुळले असते. पण ९५ किलोमीटरच्या आसपास हवा इतकी विरळ असते की दोन अणू जुळताना जवळ तिसरा कोणीतरी असावा लागतो, आणि तो सहज सापडत नाही. त्यामुळे ही जुळणी रात्रभर रेंगाळत चालते. जुळताना सुटलेली ऊर्जा दुसऱ्या एखाद्या अणूला मिळते, आणि तो पाऊण सेकंदाने ती हिरव्या प्रकाशाच्या रूपात टाकून देतो. त्याहून खाली अणूला प्रकाश टाकण्याआधीच धक्के बसतात, त्याहून वर अणूच थोडे. म्हणून हा हिरवा थर जेमतेम दहा किलोमीटर जाडीचा राहतो. त्याच्या थोडे खाली, सुमारे ८७ किलोमीटरवर, हायड्रॉक्सिलचा, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूच्या जोडीचा, थर आहे. तो हिरव्यापेक्षा कितीतरी तेजस्वी, पण मुख्यतः अवरक्त, म्हणून डोळ्यांना आणि साध्या कॅमेऱ्याला अदृश्य. ९० किलोमीटरच्या आसपास उल्कांनी मागे ठेवलेल्या सोडियमचा पिवळा प्रकाश असतो. आणि पार वर, अडीचशे किलोमीटरच्या पुढेमागे, ऑक्सिजनचाच लाल प्रकाश, ६३० नॅनोमीटरचा. हा लाल प्रकाश टाकायला अणूला जवळजवळ दोन मिनिटे लागतात, आणि एवढा वेळ धक्का न बसता राहायचे तर तितक्या उंचीवरच जावे लागते.

दूरच्या दीर्घिकांचा मंद प्रकाश मोजू पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाला ही सगळी अडगळ वाटते. अवरक्त वर्णपटातून हायड्रॉक्सिलच्या रेषा वजा करण्यात त्याचे किती कष्ट जातात! वातावरणाच्या अभ्यासकाला मात्र तीच अडगळ हवी असते. ९० किलोमीटरवर फुगा पोहोचत नाही, उपग्रह तिथे टिकत नाही, रॉकेट काही मिनिटांत पार होते. रात्रभर पाहता येईल असा तिथला पडदा हाच.

रात्री जेवण लवकर आटोपले. सव्वासातनंतर संधिप्रकाश पूर्ण गेला, आकाशगंगा नैर्ऋत्येला उभी होती. वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की आकाश सगळीकडे सारखे उजळ नाही. डोक्यावर ते सर्वांत काळे आणि क्षितिजाच्या आठ-दहा अंश वर सर्वांत उजळ. कारण भूमितीचे आहे. पातळ थराकडे तिरके पाहिले की नजर त्यातून लांब अंतर जाते, आणि दहा अंशांवर तो थर माथ्याच्या चौपट जाड भासतो. त्याच भूमितीने हिशेब केला, तर दक्षिणेच्या टेकड्यांवर नऊ अंशांच्या आसपास दिसणारा उजेड सुमारे पाचशे किलोमीटर दूरच्या जागेवरचा निघतो. नैर्ऋत्येकडे थोडे झुकून पाहिले, तर तो थर चक्क दिल्लीच्या डोक्यावरचा. दिल्लीतून तो कुणालाही दिसत नाही, हानलेतून दिसतो.

साडेदहाच्या सुमारास भाऊ कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकला आणि नुसता “ताई” म्हणाला. पडद्यावर हिरवट पट्टे होते, एकमेकांना समांतर, पूर्व-पश्चिम पसरलेले, आणि तारे त्यांच्यातून स्वच्छ दिसत होते. मी वर पाहिले. मला हिरवे काही दिसेना. मग नजर जरा बाजूला करून, रोखून न पाहता, पाहिले. तेव्हा करडे, अगदी पुसट पट्टे उमटले, पाटीवर ओला हात फिरवावा तसे. इतक्या मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, म्हणून कॅमेऱ्यात हिरवे आणि डोळ्यांना राखाडी. पट्टे दिसले की हरवत, मान हलवली की पुन्हा सापडत. पाहण्यापेक्षा चाचपडण्याच्या जवळची ही क्रिया होती.

ढग आहे का, अशी शंका येणे रास्त होते. पण ढगाने तारे मंद व्हायला हवे होते, ते झाले नव्हते. आणि कालचा धडा ताजा होता, ढग इथे काळा दिसायला हवा. आकाशगंगेचा फाटा म्हणावा तर तो ताऱ्यांबरोबर फिरतो. हे पट्टे ताऱ्यांना मागे टाकून सरकत होते.

ते किती वेगाने सरकतात, हे मोजायला आकाशाने एक पट्टी नेमकी डोक्यावर ठेवली होती. पूर्वा भाद्रपदा आणि उत्तरा भाद्रपदा या दोन नक्षत्रांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन त्या वेळी जवळजवळ माथ्यावर असतो. त्याची दक्षिणोत्तर बाजू साधारण साडेतेरा अंशांची. एक उजळ पट्टा दक्षिणेच्या दोन ताऱ्यांना टेकला तेव्हा मी घड्याळ पाहिले. तो उत्तरेच्या दोन ताऱ्यांपर्यंत पोहोचला तेव्हा साडेसात मिनिटे झाली होती. त्या उंचीवर साडेतेरा अंश म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. वहीत लाल टॉर्चच्या उजेडात भागाकार केला : सेकंदाला जवळजवळ ५० मीटर, ताशी पावणेदोनशे किलोमीटर. पुढचा पट्टा चौकोनाच्या दीडपट मागे होता, म्हणजे दोन माथ्यांमध्ये ३३ किलोमीटर, आणि तो अकरा मिनिटांनी आला. आम्ही असे चार पट्टे मोजले. हातात वही, डोक्यावर नक्षत्र आणि वर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवरच्या वाऱ्याची बातमी. माझ्या आयुष्यातला इतका स्वस्तात झालेला दुसरा प्रयोग मला आठवत नाही.

लहर उजेडाला पट्टे कसे पाडते, तेही सांगायला हवे. लहरीच्या एका भागात हवा खाली ढकलली जाते; तिच्याबरोबर वरचे ऑक्सिजनचे अणू खाली दाट भागात येतात, जुळणी वाढते, उजेड वाढतो. शेजारच्या भागात हवा वर उचलली जाऊन उजेड घटतो. म्हणजे आपल्याला लाट दिसत नाही, लाटेने ढवळलेला दिवा दिसतो.

आणि इथेच लेहच्या गच्चीवरचे माझे उत्तर चूक ठरले. डोंगराने उठवलेली लहर डोंगराला बांधलेली असते, जमिनीवरून पाहता ती जागची हलत नाही. आमची लाट तर दक्षिणेकडून उत्तरेकडे धावत होती. शिवाय अशा उभ्या लहरीला वर जाताना एक अडथळा असतो. ज्या उंचीवर वारा शून्य होतो, तिथे ती शोषली जाते. उन्हाळ्यात जमिनीलगतच्या थरात, तपांबरात, पश्चिमेचे वारे आणि त्यावरच्या थरात, स्थितांबरात, पूर्वेचे, म्हणजे मध्ये कुठेतरी वारा शून्य होणारच. हिवाळ्यात दोन्हीकडे पश्चिमेचे वारे, म्हणून वाट मोकळी. सप्टेंबरअखेर हा बदलाचा काळ असतो. आमची लाट डोंगराची नव्हती. ती चालती, पाहुणी लाट होती. अशा लाटा बहुधा गडगडाटी ढगांमुळे, वाऱ्यांच्या झोतांमुळे किंवा वाटेत मोडलेल्या दुसऱ्या लाटांमुळे उठतात. हिमालयाची लहर पाहायची तर जानेवारीत यावे लागेल, आणि उणे पंचवीसच्या थंडीत चौकोन मोजत उभे राहण्याची माझी तयारी नाही.

छायाचित्रणासाठी : १४ ते २४ मिलिमीटरचे भिंग, एफ/२.८ छिद्र, आयएसओ ३२०० ते ६४००, पंधरा-वीस सेकंदांचे छायाचित्र, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला एक. वीस सेकंदांत लाट किलोमीटरभर सरकते, तेवढ्याने पट्टे पुसले जात नाहीत. पाच-दहा मिनिटांचे छायाचित्र घेतले तर आकाश सपाट हिरवे होईल आणि लाट नाहीशी होईल. पार्श्वभूमीचा हिरवा रंग ‘दुरुस्त’ करणारी सोय बंद ठेवावी, कारण तुम्ही तोच रंग आणायला गेलेला असता. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांनी मोबाइल खोलीतच ठेवावा.

पाचवा दिवस : सर्वपित्री

दिवस गोंपात आणि उन्हात गेला. हानलेचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, सतराव्या शतकातला, टेकडीच्या कड्यावर बसवलेला. तिथल्या वृद्ध भिक्षूंनी आमचे येण्याचे कारण चालकाकडून समजून घेतले आणि चहाचा दुसरा पेला भरला. खाली दरीत चांगपा या भटक्या पशुपालकांच्या मेंढ्या परतीच्या वाटेवर होत्या. दुपारी आमा-लेंनी मला चुलीशेजारी बसवून भाजलेल्या सातूच्या पिठाचा त्सांपा कसा मळायचा ते दाखवले. माझा गोळा पाहून त्यांच्या नातवाला झालेला आनंद मी विसरणार नाही.

रात्री तापमान उणे आठपर्यंत उतरले. पट्टे दहाच्या आधीच आले, कालच्यापेक्षा उजळ. २०२४ मध्ये सूर्याच्या सक्रियतेचे साधारण अकरा वर्षांचे पंचविसावे चक्र शिखरावर होते. सूर्य जितका सक्रिय, तितके दिवसा रेणू जास्त फुटतात आणि हा उजेड वाढतो. त्या वर्षी जाण्याचा हा फायदा होता. कालची दिशा तीच, पण आज माथ्यांमधले अंतर कमी आणि कडा फाटल्यासारख्या.

एक वाजून वीस मिनिटांनी कॅमेऱ्याचा रिमोट थंडीने बंद पडला. भावाने जादा बॅटरी आणल्या होत्या, पण त्या गाडीत होत्या आणि गाडीच्या किल्ल्या झोपलेल्या चालकाकडे. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या चार छायाचित्रांत मात्र काहीतरी वेगळे होते. एका मोठ्या पट्ट्याच्या आत, त्याला आडव्या, बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. सुरकुत्यांमधले अंतर सात-आठ किलोमीटरहून जास्त नसावे.

अभ्यासक मोठ्या पट्ट्यांना बँड आणि या सुरकुत्यांना रिपल म्हणतात. बँड दुरून येतात आणि तासन्‌तास टिकतात. रिपल तिथेच जन्मतात आणि सहसा पाऊण तासाच्या आत संपतात. हेलकावा वाढत वाढत इतका मोठा झाला की जड हवा हलक्या हवेच्या वर येऊन कलंडते, किनाऱ्याजवळची लाट कोसळते तशी, आणि त्या कोसळण्याच्या या खुणा. लाट मोडते तेव्हा तिने आणलेला रेटा तिथल्या हवेला मिळतो. अशा असंख्य मोडणाऱ्या लाटांच्या रेट्याने मध्यांबराच्या, म्हणजे स्थितांबराच्या वरच्या थराच्या, माथ्यावरची हवा उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे ढकलली जाते. उन्हाळी ध्रुवावर हवा वर चढून प्रसरण पावते आणि थंड होते, इतकी की चोवीस तास सूर्य असूनही तिथले तापमान उणे १४० अंशांच्या आसपास जाते. पृथ्वीवरची सर्वांत थंड जागा ही अशी ऐन उन्हाळ्यात तयार होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये नासाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे ‘ऑ’ नावाचे उपकरण पाठवले, ते हायड्रॉक्सिलच्या थरातल्या याच लाटा वरून टिपण्यासाठी. आमच्याकडे त्या मोडण्याची चार छायाचित्रे आहेत. पाचव्याच्या वेळी आम्ही बॅटरीवरून वाद घालत होतो.

पहाटे साडेचारला पूर्वेला एक तिरका, शंकूसारखा उजेड उभा राहिला. तोही एअरग्लो समजू नये. तो ग्रहांच्या कक्षापातळीतल्या धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश, राशिचक्रीय प्रकाश, आणि तो ताऱ्यांबरोबरच वर चढतो. तो उजाडण्यात विरू लागला तेव्हा टेकडीच्या कडेवर त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू दिसला, शेपटी वर करून. खगोलदूत मुलीने दुर्बीण रोखली आणि आमा-लेंना हाक मारली. त्या शाल गुंडाळून आल्या, एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

जाणाऱ्यांसाठी : बॅटरी अंगातल्या आतल्या खिशात ठेवाव्यात, गाडीत कधीही नाही. भिंगावर दव गोठते, त्याला गरम ठेवणारी पट्टी न्यावी. टॉर्च लालच हवी. आणि सलग दोन-तीन रात्री ठेवाव्यात, कारण एका रात्री लाट दिसेलच असे नाही.

सहावा दिवस आणि त्यानंतर

आलेल्या वाटेनेच लेहला परतलो. आम्ही घरी पोहोचून आठवडाही झाला नसेल, तोच १० ऑक्टोबरच्या रात्री मोठे सौर वादळ आले आणि हानलेच्या उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश टिपला गेला. भाऊ दोन दिवस हळहळत होता. मला तितके वाईट वाटले नाही. ध्रुवीय प्रकाशाला वरून येणारे विद्युतभारित कण लागतात आणि आपल्या अक्षांशांवर तो क्वचितच येतो. एअरग्लो रोज असतो, सगळीकडे असतो.

छायाचित्रांवर काम करताना भावाने संशोधकांचीच एक साधी युक्ती वापरली : एका छायाचित्रातून काही मिनिटांपूर्वीचे छायाचित्र वजा करायचे. जे बदलत नाही ते जाते, जे सरकते ते उरते. पहिल्या रात्रीची दीडशे छायाचित्रे त्याने केवळ युक्तीची चाचणी म्हणून घातली. ढगाळ म्हणून ती पुसून टाकायची राहिली होती, इतकेच. पडद्यावर ढगांचे काळे डाग आले, आणि त्यांच्यामधल्या फटींतून तेच समांतर पट्टे, दक्षिणेकडून उत्तरेकडे. मी त्या रात्री ज्याच्याकडे बोट दाखवून “केवढा ढग” म्हणाले होते, तो भागही त्यात आहे. त्यातून दोन पट्टे जाताना दिसतात.